तांडा हलत होता, तुटत नव्हता

बंजारा समाजाविषयी एक मत आपल्याकडे इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कुणाला वाटत नाही. बंजारा मूळचा भटका, त्याला गाव नाही, शिवार नाही, म्हणून स्थळाची ओढही नाही. त्याची गाणी आणि नाच ही लदेणीच्या, म्हणजे बैलांवर माल लादून नेण्याच्या, वाटेवरची कला. पाठीवर गोण्या वाहणारे बैल गेले, वाट संपली, तांडे एका जागी बसले आणि त्या कलेचा आधारच सुटला. उरले ते अवशेष. ते दालनात मांडावेत, मंचावर दाखवावेत, म्हणजे निदान पुढच्या पिढीच्या डोळ्यांखालून जातील. शाळेच्या स्नेहसंमेलनातील निवेदनापासून विद्यापीठातील चर्चासत्रापर्यंत हेच थोड्याफार फरकाने ऐकू येते. बोलणाऱ्यांच्या मनात आस्था असते, यात शंका नाही. त्या आस्थेमुळेच या मताचा प्रतिवाद आजवर नीट झालेला नाही.

वाशीम जिल्ह्यात हा प्रतिवाद करण्याची वेळ आता आली आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगाऱ्याच्या आकाराची चार मजली इमारत आणि तिच्यात १३ दालने. ही वास्तू उभी राहिली याचा मला मनापासून आनंद आहे. ज्या समाजाचा उल्लेख सरकारी दप्तरात दीर्घकाळ संशयानेच झाला, त्याच्या इतिहासाला सरकारी खर्चाने छप्पर मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. पण तिच्याकडे बोट दाखवून ‘आता बंजारा संस्कृती सुरक्षित झाली’ असे म्हटले जाऊ लागले आहे. माझा विरोध या निष्कर्षाला आणि त्याच्या मुळाशी असलेल्या समजुतीला आहे.

भटक्याला स्थळ नसते, या म्हणण्यापासून सुरुवात करू. त्याचे उत्तर पोहरादेवीतच आहे. येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे, जगदंबेचे मंदिर आहे. महाराजांचा जन्म १७३९ सालचा मानतात, तोही दक्षिणेकडे, तेलुगू-कन्नड मुलखात. आयुष्य वाटांवर गेले आणि समाधी वऱ्हाडात झाली. रामनवमीला तेलंगणा, आंध्र, कर्नाटक अशा दूरदूरच्या तांड्यांतून माणसे या एका गावी येतात. गोर बंजारा समाज या गावाला आपली काशी म्हणतो. ज्यांच्या मनात स्थळाला जागाच नाही त्यांना काशी लागत नाही. उलट ज्यांचे पाय सतत वाटेवर होते त्यांनी काही जागा फार घट्ट धरून ठेवल्या, हेच येथे दिसते.

तांड्यांची नावेही हेच सांगतात. बहुतेक तांडे कुणा ना कुणा नायकाच्या नावाने ओळखले जातात, म्हणजे कुठल्या माणसाने कुठल्या जागी वस्ती धरली ही नोंद नावातच राहिली. वाशीमला लागून असलेल्या पुसद तालुक्यातील गहुली वसंतराव नाईकांचे आजोबा चतुरसिंग नाईक यांनी वसवली. पुढे त्यांचा नातू १९६३ ते १९७५ अशी सलग वर्षे राज्याचा मुख्यमंत्री होता. आमच्या शालेय पुस्तकांनी मुख्यमंत्री लक्षात ठेवला, वस्ती धरणारा आजोबा विसरला.

सर्वांत ठळक पुरावा मात्र लग्नातला आहे. बंजारा लग्नात नवलेरी, म्हणजे नवरी, सासरी निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहते आणि हात उंचावून ‘हवेली’ गाते. आपल्या बापाच्या तांड्याचे, नायकाचे, गुराढोरांचे भले होवो, असे मागणे त्या गाण्यात असते. निरोपाच्या वेळी आई-भावाच्या गळ्यात पडून ती ‘ढावलो’ गाते. हे गाणे ऐनवेळी सुचत नाही. थोरल्या बाया ते मुलीला आधीपासून शिकवतात. कुणीही शांत चित्ताने विचार करावा. जिचा तांडा आज इथे, उद्या तिथे, तिने नेमकी कशाची आठवण बरोबर न्यायची? तिने माणसांची नेली, त्या माणसांच्या एकत्र असण्याची नेली. तांडा कुठेही उतरला तरी त्याची मांडणी तीच होती. नायक, कारभारी आणि कुणाचे घर कुणाशेजारी, हे सगळे ठरलेले असे. बंजारा बाईच्या लेखी स्थळ म्हणजे ही मांडणी. सातबाऱ्यावर ती दिसत नाही, म्हणून ती नव्हती असे ठरत नाही.

मग बंजाऱ्याला स्थळ नाही, हे मत आले कुठून? बंजाऱ्यांविषयी वऱ्हाडात लिहिले गेलेले पहिले सविस्तर टिपण बेरार पोलिसातील कंबरलेज या अधिकाऱ्याचे. ते १८६९ च्या सुमारास लिहिले गेले असे मानतात आणि १८८२ मध्ये ते पुन्हा छापले गेले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा आपला मोठा ग्रंथ काढला, त्यातील बंजारा प्रकरण मुख्यतः या टिपणावर बेतलेले आहे. त्यानंतर लिहिणाऱ्या कितीतरी जणांनी रसेलवरून उतरवून घेतले. मी त्या अधिकाऱ्याच्या मेहनतीला कमी लेखत नाही, त्याने गोत्रांची आणि चालीरीतींची माहिती चिकाटीने गोळा केली आहे. पण त्याचा हुद्दा विसरून चालणार नाही. तांडा कुठून आला आणि कुठे जाणार, हा पोलिसाचा प्रश्न असतो. तांड्याला काय आठवते, हा प्रश्न त्याच्या कामाचा नसतो. समाजाच्या आतून बळीराम हिरामण पाटलांसारख्या माणसाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोर बंजारा लोकांचा इतिहास लिहायला घेतला, तोवर पोलिसी नजर हीच अभ्यासाची नजर होऊन बसली होती.

आता ‘भटकंती संपली’ या सोज्वळ वाक्याकडे वळू. ती आपोआप संपली नाही. १८०३ साली वऱ्हाडातच अडगाव आणि गाविलगडच्या लढाया झाल्या. त्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेची धान्याची भिस्त बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. तोवर ते व्यापारी होते, फौजांना हवेहवेसे होते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाडातून जाणारा धान्याचा, कापसाचा, मिठाचा भार आगगाडीने उचलला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला आणि पुढे निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांची नावे त्याच्या यादीत चढली. १८७८ च्या वन कायद्याने बैलांची चराई सरकारी परवानगीवर आणली. धंदा काढून घेतला, चारा काढून घेतला आणि उरलेल्या माणसाला जन्मतः संशयित ठरवले. गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. महाराष्ट्राने या समाजाला ‘विमुक्त जाती’ या वर्गात घातले ते त्यानंतर. कला मरण्याचे कारण सांगताना ‘काळ बदलला’ असे म्हणणारे हे सगळे एका शब्दात गुंडाळतात. काळ बदलला नव्हता, माणसांनी कायदे करून तो बदलवला होता.

आणि एवढे होऊनही कला मेली का? पूर्वपक्षाचे दुसरे गृहीतक येथे पडते. तांडे वऱ्हाडाच्या डोंगरउतारांवर स्थिरावले आणि तिथे तीज अधिकच रुजली. श्रावणात कुमारिका नायकाची परवानगी घेऊन तीज पेरतात. वारुळाची माती आणायची, लहान टोपल्यांत गहू पेरायचा आणि रोज पाणी घालायला गाणी म्हणत, फेर धरून नाचत जायचे. गव्हाचे पिवळसर कोंब वाढले की गोकुळाष्टमीच्या सुमारास त्यांची बोळवण होते. तोडलेली तीज थोरांच्या फेट्यांत खोवली जाते. बी रुजवण्याचा हा सोहळा एका जागी काही दिवस ठिय्या मारल्याशिवाय होत नाही. पावसाळ्यात तांडे थांबत, बैल विसावा घेत, तेव्हापासूनची ही रीत आहे. म्हणजे ज्या काळाला आपण निव्वळ भटकंतीचा काळ म्हणतो त्याच्या पोटातही थांबण्याची कला होती. स्थिर वस्तीने ती मोडली नाही, तिला अंगण दिले.

होळीचे तसेच. बंजाऱ्यांची होळी पुष्कळ तांड्यांत पहाटे पेटते. तरुण गेरिये कामाला लागतात, डफाचा ठेका धरला जातो, बाया आणि गडी फेर धरून लेंगी गातात. नायकाच्या दारातून सुरुवात होते. मग मागच्या होळीनंतर ज्या घरी मूल जन्मले असेल त्या घरी ‘धुंड’ होते. मुलाच्या डोक्यावर आडवी धरलेली काठी, तिच्यावर इतरांच्या काठ्यांचे ठोके आणि त्या ठोक्यांवर म्हटलेला आशीर्वाद. परंपरेने हा मान मुलग्याला मिळत आला, हे मी लपवत नाही. पण रचना पाहा. नाच घरोघर जातो, दार ओळखतो, मूल कुणाचे हे उच्चारतो. कित्येक तांडे महसुली दप्तरात स्वतंत्र गाव म्हणून नव्हते, शेजारच्या गावाची वाडी म्हणून मोजले जात. लेंगीत मात्र तांडा स्वतःच्या नावाने होता. ज्याला आपण करमणूक समजतो ती या लोकांची जन्मनोंद होती, वस्तीचा नकाशा होती आणि कोण कुणाचा याची कबुली होती.

मंचावर आलेला ‘बंजारा डान्स’ यातले काय घेतो? फेटिया, कांचळी, आरसे, कवड्या, घुगऱ्या, हातभर चुडा. सगळे देखणे आहे. मंचावर नाचणाऱ्या मुलींचा मला अभिमानच वाटतो, त्यांच्यामुळे कितीतरी शहरी मुलांना हा पेहराव प्रथम दिसला. पण पाच मिनिटांच्या त्या नाचात दार नसते, नायक नसतो, नाव घ्यायला कुणाचे मूल नसते. तिथे पोचतो तो पेहराव, नोंद तांड्यातच राहते.

तर मग आज काही हरवते आहे हे खोटे का? मुळीच नाही. हरवते आहे. ते का हरवते, एवढ्याच मुद्द्यावर माझे भांडण आहे. रूढ मत म्हणते, मोबाइल आला, डीजे आला, पोरे शिकली, म्हणून. हे कारण खरे असते तर ते बारा महिने लागू पडले असते. त्याच तांड्यात, त्याच मोबाइलसह, श्रावणात तीज भरात असते. इतकेच नाही, तर नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला, नागपूरला गेलेली शिकलेली कुटुंबे तिथल्या वसाहतींत तीज पेरू लागली आहेत. शिक्षणाने त्यांना लाज शिकवली नाही, उलट तांड्याबाहेर तांडा मांडायला शिकवले. मग फाल्गुनात असे काय होते की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या तांड्यांत डफ धरायला हात पुरत नाहीत?

उत्तर कोरडवाहू शेतीत आणि साखरेच्या हंगामात आहे. वाशीम हा विदर्भाच्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून घेतलेल्या चारांत त्याचे नाव होते. सोयाबीन निघाले की हाताला फारसे काम उरत नाही. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजणी. परत येणे मार्च-एप्रिलमध्ये, गाळप संपल्यावर. होळी याच मुदतीत येते. तांड्यात त्या दिवशी असतात म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरे. फडावरून चार दिवस यावे म्हटले तर खाडा धरला जातो आणि उचल फिटायची लांबते.

या दोन प्रवासांत आपण फरक करायला शिकले पाहिजे. लदेणीचा तांडा चालत होता तेव्हा तो सगळाच्या सगळा चालत होता. म्हातारी, तान्ही, गाई, कुत्री, नंगारा, नायक, सगळे. वाट बदलत होती, सोबत बदलत नव्हती. आजचा तांडा एका जागी उभा आहे, सिमेंटचा रस्ता आहे, समाजमंदिर आहे, आणि तरी तो वर्षातले पाच-सहा महिने तुटलेला असतो. एक जोडपे एका कारखान्याच्या कोपीत, दुसरे दुसऱ्याच्या, पोरगा पुण्यात बांधकामावर. भटकंतीने जे केले नाही ते उचलीने केले. फेर धरायला माणसे लागतात आणि तीही नेमकी लागतात. गेरिया कोण, नायकाचे दार कोणते, धुंड कुणाच्या घरी, हे ठाऊक असलेली. त्यातली निम्मी हजर नसतील तर फेर पुरा होत नाही. त्याला संस्कृतीचा ऱ्हास म्हणणे म्हणजे मजुराच्या गैरहजेरीचा दोष त्याच्याच माथी मारणे.

असा अनुभव आपल्याच वाट्याला आला असेही नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स शहरात ट्रेमे नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. तिच्यातील क्लेबोर्न अव्हेन्यू या रस्त्यावर ओक वृक्षांच्या रांगा होत्या. त्यांच्या सावलीत वस्ती सण करी, नाचे. १९६६ मध्ये महामार्गासाठी ती झाडे तोडली आणि वरून काँक्रीटचा उंच रस्ता गेला. पुढे कलावंतांनी त्या रस्त्याच्या खांबांवर ओकची झाडे आणि वस्तीची माणसे रंगवली. ती चित्रे मोलाची आहेत. पण ती तिथे जिवंत वाटतात याचे कारण त्या खांबांमधून आजही ‘सेकंड लाइन’ जाते, म्हणजे बँडच्या मागे नाचत चालणारी वस्तीची मिरवणूक. २००५ मध्ये कतरिना वादळाने ही वस्ती चहूकडे विखरली. दुसऱ्या राज्यांत जाऊन पडलेली माणसे रविवारच्या मिरवणुकीसाठी लांबून आपल्या रस्त्यावर परत येऊ लागली. या मिरवणुका काढणारी मंडळे मुळात परस्पर साहाय्यासाठी निघालेली होती. आजारपणात मदत, मर्तिकाचा खर्च, ही त्यांची पहिली कामे. वादळानंतर पोलिसांनी बंदोबस्ताचे शुल्क भरमसाट वाढवले, तेव्हा याच मंडळांनी न्यायालयात जाऊन ते खाली आणायला लावले. आपला नाच जपायचा म्हणून त्यांनी आधी रस्त्यावर येण्याचा हक्क जपला. आमच्याकडे नायक-कारभारी ही तशीच रचना होती, आजही आहे. सांस्कृतिक धोरण आखताना तिच्याशी कुणी बोलत नाही, ही खंत आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. थोरली माणसे जात आहेत. ढावलो पुरा येणाऱ्या बाया कमी होत आहेत, गोरबोली नातवंडांच्या तोंडून सुटते आहे. तांडा पुन्हा एकत्र येईल तेव्हा येईल, तोवर जे आहे ते ध्वनिमुद्रित करून संग्रहालयात ठेवण्यात काय चूक? काहीच चूक नाही. ते झालेच पाहिजे, उद्या नव्हे, आज. पण मुद्रण कसे करायचे, यावर सगळे अवलंबून आहे. ‘बंजारा लोकगीत, वाशीम जिल्हा’ एवढीच चिठ्ठी लावून ठेवलेले गाणे अर्धे मेलेले असते. गाणे कुठल्या तांड्याचे, नायक कोण, गाणारीचे माहेर कुठले, तिने ते कुणाकडून घेतले, कुठल्या प्रसंगी म्हटले, हे सोबत हवे. आणि त्या मुद्रणाची प्रत त्या तांड्याला परत गेली पाहिजे, तिथल्या मुलींच्या हाती. पोहरादेवीच्या १३ दालनांना हे काम सहज पेलेल. रामनवमीला अनेक राज्यांचे तांडे स्वतःहून तिथे येतात, असे भाग्य दुसऱ्या कुठल्या संग्रहालयाला लाभले आहे?

दुसरा आक्षेप मंचवाल्यांचा. ते म्हणतात, लेंगीच्या स्पर्धा होतात, बक्षिसे मिळतात, तरुण पुढे येतात, हे जतन नव्हे काय? ते प्रोत्साहन आहे आणि स्वागतार्ह आहे. मात्र स्पर्धेत उत्तम संघ जिंकतो, आणि तांड्याच्या फेरात वाईट नाचणाऱ्यालाही जागा असते, कारण तो त्या तांड्याचा असतो. स्पर्धेने फेराची जागा घेतली तर आपण नर्तक मिळवू आणि तांडा घालवू.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जिव्हारी लागतो, कारण तो समाजाच्या आतून येतो. लोक पोटासाठी फडात जातात, त्यांना लेंगीचे काय सांगता? पण मी लेंगी भाकरीच्या आड आणत नाही. माझे म्हणणे असे की दोन्ही प्रश्न एकच आहेत. गहुलीच्याच वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत, १९७२ च्या दुष्काळात, वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर राबवली गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. गावाजवळ काम मागण्याचा हक्क देशात प्रथम या राज्याने मान्य केला. सांस्कृतिक जतनाच्या कुठल्याही अहवालात या योजनेचे नाव निघत नाही. माझ्या मते ते पहिल्या पानावर हवे. मानोरा आणि मंगरूळपीरच्या तांड्यांत माघ-फाल्गुनात बांधबंदिस्तीचे, शेततळ्याचे काम वेळेवर निघाले आणि मजुरी वेळेवर मिळाली, तर कित्येक कोयते उचल न घेता घरी राहतील. जे जातीलच त्यांच्यासाठी साखर कारखान्यांनी आणि मुकादमांनी होळीचे चार दिवस खाड्याविना सोडावेत, येण्याजाण्याचे भाडे द्यावे. ही मागणी कामगार खात्याकडे करावी लागेल, आणि ती करताना सांस्कृतिक खात्याने सोबत उभे राहावे. पोहरादेवीच्या संग्रहालयाने आपल्या नावाने या मागणीचे पहिले निवेदन द्यावे, येत्या गाळप हंगामाआधी, उचलीचे पैसे वाटले जाण्यापूर्वी.